वर आला

खाणीच्या ऑफिसात, जिन्याखालच्या थंड खोलीत एक सर्व्हर होता. त्याला सगळे निरोप्या म्हणत. त्याच्या सॉफ्टवेअरला बनवणाऱ्यांनी दिलेलं लांबलचक नाव होतं, पण ते फक्त बिलावर. काम त्याचं एकच, इकडचा निरोप तिकडे पोचवायचा. माणूस खाणीत उतरताना फिरत्या दाराला आपला बिल्ला टेकवी, की निरोप निघे, 'खाली गेला'. पाळी संपवून पिंजऱ्यातून बाहेर आला की भिंतीवरच्या काळ्या चकतीला तोच बिल्ला टेकवी, की निघे, 'वर आला'. निरोप्या तो निरोप झेलायचा आणि तीन ठिकाणी नेऊन द्यायचा. एक हजेरीला. दुसरा खाणीत किती माणसं आहेत ते दाखवणाऱ्या फलकाला. आणि तिसरा त्या माणसाच्या घरच्या फोनवर.

हा निरोप्या जिच्या ताब्यात होता तिला निरोपताई म्हणत. खाणीवर आली तेव्हा तिचे केस काळे होते. आता तिच्याहून वयानं मोठी अशी दोन-चारच माणसं तिथे उरली होती, आणि तीही तिला ताईच म्हणत.

तिच्या लहानपणी असले निरोप नव्हते. वडील खाणीतून सुटले की गल्लीच्या कोपऱ्यावर त्यांचा खोकला ऐकू यायचा, आणि तो ऐकू आल्याशिवाय आई चुलीवर भांडं चढवायची नाही. पोटात कावळे ओरडत असले तरी पोरांनी गप्प बसायचं. "आधी माणूस वर येऊ दे," एवढंच ती म्हणायची. त्या खोकल्याची वाट बघण्यात आईचं अर्धं आयुष्य गेलं. म्हणून निरोप्या बसवायचं ठरलं तेव्हा ताईनं ते काम मागून घेतलं. घरी निरोप जायला हवा, हा हट्टही तिचाच. आणि नंतर सुरुंगाचं कुलूप, तेही तिनंच साहेबांशी भांडून बसवून घेतलं होतं.

ते कुलूप असं होतं. दोन पाळ्यांच्या मधे खाण रिकामी झाली की सुरुंग उडवत. पूर्वी हे सगळं हाकाटीवर चाले. 'आले का रे सगळे?' 'आले आले!' ताईनं सांगितलं, हाकेवर माणसाचा जीव टांगून ठेवायचा नाही. तेव्हापासून फलकावर शून्य आल्याशिवाय सुरुंगाच्या खटक्याचं कुलूप उघडेनासं झालं. उघडायचा तो निरोप्याच.

तिच्या या हट्टामागे कोण होतं ते सगळ्यांना माहीत होतं. तिचा धाकटा भाऊ तळाच्या थरात पंपवाला होता. बाकीचे काम टाकून निघाले तरी पाण्याची पातळी बघून, पंप नीट चालतोय याची खात्री करून मगच त्याला निघता यायचं. त्यामुळे तो कायम शेवटी वर यायचा, आणि खाणीत त्याचं नावच पडलं होतं, शेपूट. आई गेली तेव्हा तो ताईच्या कडेवर होता. लग्न त्याचं तिनं लावून दिलं, स्वतःचं राहून गेलं.

तर त्या वर्षी बनवणाऱ्यांकडून कळलं, की निरोप्याची ही आवृत्ती आता फार जुनी झाली, यापुढे तिच्यात काही बिघडलं तर आम्ही हात लावणार नाही. नवी घ्या. ताईनं बरेच दिवस टाळाटाळ केली. जुना निरोप्या घरातल्या मुरलेल्या म्हाताऱ्यासारखा होता. हळू होता, कुरकुरायचा, पण त्याच्या सगळ्या खोडी तिला पाठ होत्या. शेवटी साहेबच म्हणाले, "ताई, तुम्ही निवृत्त व्हायच्या आत करून टाका. तुमच्यामागे हे दुसऱ्या कुणाला येतंय?"

सुट्टीच्या दिवशी, खाण बंद असताना तिनं काम काढलं. घरात करमत नव्हतं म्हणून शेपूटही येऊन बसला. थंड खोलीत दोघांनी दाराशी स्टुलं घेतली.

"ताई, डोळे का ओले? म्हाताऱ्याला पोचवायला निघालीस की काय?"

"अभद्र बोलू नकोस. पेन्शनीत काढतेय त्याला."

"मग नवा कसा आहे? जावयासारखा?"

"भरभर बोलतो, सगळं ऐकतो. स्वतःची अक्कल मात्र चालवत नाही."

"म्हणजे माझ्यासारखाच," शेपूट म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसत सुटला. त्याला तशी सवयच होती. दुसरं कुणी हसेपर्यंत थांबायचा नाही.

नव्या आवृत्तीत काय काय बदललं आहे याची माहिती ताईनं आधीच नीट वाचून काढली होती. त्यात एक गोष्ट अशी होती, की तोच निरोप लागोपाठ दोनदा आला तर जुना निरोप्या दुसरा निरोप मुकाट्यानं गिळून टाकायचा. नवा तसं करणार नव्हता. जे हातात येईल ते पोचवीन, असा त्याचा खाक्या. गिळायला हवं असेल तर तसं सांगून ठेवावं लागे. ताईनं विचार केला. फिरतं दार एका टेकवण्याला एकच निरोप धाडतं, चकतीही तशीच. तिच्या घरात तोतरं कुणी नव्हतं. मग उगाच कशाला ते लोढणं? तिनं ते सोडून दिलं.

मग तपासणी. खाणीच्या तोंडाशी जो दारवाला बसायचा त्याला तिनं मूठभर बिल्ले दिले आणि आधी फिरत्या दाराला, मग चकतीला टेकवायला सांगितले. दारवाल्यानं हात पँटला पुसले, चष्मा नीट केला, आणि तोंडी परीक्षेला उभ्या राहिलेल्या पोरासारखा एकेक बिल्ला अलगद, अगदी एकदाच टेकवला. फलकावरचा आकडा एकेकानं उतरला. हजेरी जुळली. शेपूट म्हणाला, "पास!"

संध्याकाळी ती भावाकडेच जेवली. भावजय म्हणाली, "वन्सं, आता नव्या निरोप्याला रोज सांगा, आमच्या माणसाला जरा लवकर वर आणत जा."

"तुझा माणूस शेपूट आहे गं बाई. शेपूट आधी आलेलं कुणी बघितलंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी उतरली. किती उतरले आणि फलक काय सांगतो, दोन्ही जुळलं. ताई दुपारपर्यंत पडद्यासमोरून हलली नाही. निरोप सुळसुळ येत होते, सुळसुळ जात होते. जुना असता तर मधेच धाप लागून थांबला असता. तिला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची थोडी लाजही वाटली, जसं नवं माणूस आल्यावर जुन्याची आठवण पुसट होते तेव्हा वाटते.

पाळी सुटली. माणसं वर यायला लागली. तेवढ्यात भावजयीचा फोन आला. मागून बायकांचं हसणं ऐकू येत होतं.

"वन्सं, तुमचा निरोप्या तोतरा झालाय!"

"का गं?"

"शेजारणीच्या फोनवर दोनदा आलं, वर आला, वर आला. ती म्हणते, मला एकच झेपत नाही, दुसरा कुठे ठेवू? समोरचीलाही दोन आले. आमच्याकडे मात्र अजून एकही नाही. वाटणीत काहीतरी घोटाळा झालाय तुमच्या."

ताई हसली. हसता हसता तिची नजर पडद्यावर गेली.

फलकावर शून्य होतं.

घरी दोनदा गेलं ते फलकाकडेही दोनदाच गेलं. एक माणूस वर आला आणि फलकानं दोन वजा केले. अजून माणसं पिंजऱ्यात होती, तळाशी पिंजऱ्याची वाट बघत उभी होती, आणि फलक सांगत होता, खाण रिकामी. कुलूप उघडलं होतं.

"वन्सं? अहो वन्सं?"

ताईनं फोन आपटला आणि सुरुंगवाल्याच्या खोलीला फोन लावला. लाइन अडलेली. साहेबांना लावला. तोही अडलेला. दोघं एकमेकांशीच बोलत होते. सुरुंग उडवायच्या आधी साहेबांची परवानगी घ्यायची, हा नियम सुरुंगवाला काका कधी मोडत नसे.

इथे तिनं उठून पळायला हवं होतं. पुढे आयुष्यभर ती हेच म्हणत राहिली. पण जन्म त्या खोलीत गेला होता, हात आपसूक कळफलकावर गेले. माणूस खाली आहे असं फलकाला कळलं की शून्याचं एक होईल, आणि कुलूप पुन्हा लागेल. तिनं भावाच्या बिल्ल्याचा आकडा घातला आणि आपल्या हातानं निरोप धाडला, 'खाली गेला'.

फलकावर शून्य.

पुन्हा धाडला. शून्य.

मग तिच्या लक्षात आलं. फलकाला शून्याखालचे आकडे दाखवता येत नव्हते, पण आतली वजाबाकी थांबलेली नव्हती. ती किती खोल गेली असेल कोण जाणे. तिचा एकेक निरोप म्हणजे विहिरीत टाकलेली एकेक वाटी पाणी. विहीर वर यायची नव्हती. तरी ती दाबतच राहिली, खाली गेला, खाली गेला, खाली गेला. नवा निरोप्या एकही न गिळता इमानानं पोचवत होता.

भोंगा झाला.

तेव्हा ती उठली. जिना, दार, आवार. चपला कुठे गेल्या तिला कळलं नाही. सुरुंगवाल्याची खोली आवाराच्या पार पलीकडच्या टोकाला. ती ओरडत होती, पण भोंग्यापुढे तिचा आवाज तिला स्वतःलाच ऐकू येत नव्हता. अर्ध्या वाटेवर पायाखालची जमीन हलली. रोजच हलायची. इतक्या वर्षांत त्या हादऱ्यानं तिच्या कपातला चहासुद्धा कधी सांडला नव्हता.

ती तिथेच, चुनखडीच्या ढिगाशी खाली बसली.

काका दाराबाहेर येऊन उभे होते. "पोरी, काय झालं?"

"माझा भाऊ खाली आहे."

"शून्य होतं गं." ते खोलीकडे बोट दाखवायला लागले. "तू बघ ना येऊन. शून्य आहे. कुलूप उघडलं म्हणून तर..."

बाकीची माणसं पिंजऱ्याजवळ पोचलेली होती म्हणून वाचली. दोघांना दगड लागले, एकाचे कान गेले. आत, सुरुंगाच्या अंगाला, फक्त पंपवालाच होता. पंपाच्या घरघरीत त्याला भोंगा ऐकू जाणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सापडला तो पंपापाशी नव्हे, बोगद्यात, तोंड पिंजऱ्याच्या दिशेला. काम आटपून निघाला होता. थोडा आधी निघाला असता तर वाचला असता, थोडा नंतर निघाला असता तरी पंपाच्या कोनाड्यात वाचला असता, असं वर आणणारे आपापसात बोलत होते. ताईला ऐकू जातंय हे लक्षात आल्यावर ते गप्प झाले.

त्याला बाहेर आणताना दारवाला खुर्चीवरून उठून उभा राहिला. मग ताईजवळ आला.

"ताई, दोनदा टेकवतात."

"कोण?"

"निम्मेअधिक. जुने तर सगळेच. पहिली चकती धुळीनं धड वाचायची नाही, तेव्हापासूनची खोड. चकती बदलली, खोड राहिली. नवी पोरं यांचं बघून शिकली. एक कंपनीचा, एक घरचा, असं म्हणतात आणि टकटक करून जातात. बायकाच विचारतात ना घरी, माझा टेकवलास का म्हणून."

"मग परवा मी तपासत होते तेव्हा तुम्ही एकदाच का टेकवलात?"

"तुम्ही समोर होतात ना," तो म्हणाला. "म्हटलं, नीट करावं."

ताईनं मान हलवली. इतकी वर्षं तिनं प्रत्येक निरोप निघाल्यापासून पोचेपर्यंत पाहिला होता. तो निघतो कसा, ते बघायला ती एकदाही पाळी सुटताना त्या चकतीपाशी उभी राहिली नव्हती. जुना निरोप्या रोज शेकड्यांनी दुसरे निरोप गिळत होता, आणि घरातल्या समजूतदार म्हाताऱ्यासारखा त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हता.

साहेब थंड खोलीत आले. त्यांचेही डोळे सुजले होते, ते काही दगडाचे नव्हते. पण वरून त्यांना फोन येत होते.

"ताई, बिल्ला एकदाच टेकवायचा असा नियम आहे. लेखी आहे. माणसांनी नियम मोडला. आपण तेवढंच सांगू."

"नियम त्यांनी मोडला. पण माणूस त्यांनी नाही मारला."

"ताई, मी तुमच्यासाठी सांगतोय."

"कळतंय मला. तरी मी माझंच नाव सांगणार. गिळायचं काम मी बंद ठेवलं. मला वाटलं, आपल्याकडे गरज नाही."

साहेब दाराकडे वळले. मग म्हणाले, "दुरुस्त किती वेळात होईल?"

एक ओळ होती. तीच ती लोढणं म्हणून सोडलेली. लिहायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. ताईनं निरोप्या बंद केला, ओळ घातली, चालू केला, आणि पहिल्यापासून मोजदाद करायला लावली. वर किती, खाली किती, माणूसवार. या वेळी ती स्वतः चकतीपाशी गेली. दारवाल्याला म्हणाली, "आता रोज करतात तसं करा." त्यानं एक बिल्ला फिरत्या दाराला टेकवला, मग चकतीला टकटक केलं. फलकानं एकच वजा केला.

मग खाणीत साफसफाईची माणसं उतरली. दगड काढले, लाकडं लावली, नवा पंपवाला आला. अंत्यविधी झाला. ताई भावजयीकडेच राहायला गेली, म्हणजे भावजयीनं तिला दार उघडलं आणि जा म्हणाली नाही. दोघी स्वयंपाकघरात वावरत, एकमेकींच्या हातातली भांडी घेत, पण बोलत नसत. शेजारणी यायच्या आणि दाराशीच रडून जायच्या. ज्या शेजारणीनं तो विनोद केला होता ती तर आतही आली नाही.

ताईची चौकशी लागायची होती. तोवर तिनं कामावर यावं असं ठरलं होतं, कारण निरोप्या दुसऱ्या कुणाला येत नव्हता.

आणि एके सकाळी साहेबांचा फोन आला. आवाज अगदी खाली.

"ताई, पाळी सुटून बराच वेळ झाला. सगळे वर आलेत, मी स्वतः उभा राहून बघितलं. पण फलकावर शून्य येत नाही."

"किती दाखवतोय?"

"एक."

ताईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कुलूप उघडत नाही. काम अडलंय. तुमच्या हातूनच... मी दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं, पण..."

"येते," ती म्हणाली.

आता फलकाचं काही चुकत नव्हतं. पहिल्यापासून, माणूसवार, नीट मोजून तो सांगत होता. ज्याचा बिल्ला चकतीला टेकला नाही असा एक माणूस खाली होता. 'वर आला' हा निरोप कुणीतरी धाडल्याशिवाय तो वर येणार नव्हता, आणि त्याला नोंदीतून काढायचं तरी आधी वर आणावं लागत होतं.

ती उठली तशी भावजयही उठली. फोनवरचं तिनं ऐकलं होतं. दोघी गल्लीतून, आवारातून चालत गेल्या. वाटेत माणसं बाजूला झाली. थंड खोलीत भावजय पहिल्यांदाच येत होती. ती शेपटाच्या स्टुलावर बसली. ते स्टूल त्याचं, हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं.

ताईनं आकडा घातला. मग थांबली.

"हा निरोप घरीही जातो. तुझ्या फोनवर. तेवढा मला अडवता येईल."

भावजयीनं मांडीवरचा फोन उलटा केला, मग पुन्हा सुलटा केला.

"सगळ्यांकडे दोन-दोन आले, वन्सं," ती म्हणाली. इतक्या दिवसांत तिनं पहिल्यांदा हाक मारली होती. "आमच्याकडे एकही नाही. येऊ द्या."

"अगं पण..."

"येऊ द्या म्हणते ना. मी अजून वाट बघतेय. रात्री झोपेतसुद्धा बघतेय. एकदा येऊन जाऊ दे."

ताईनं दाबलं. भावजयीच्या मांडीवर फोन थरथरला. तिनं तो उचलला नाही, त्यावर नुसता तळहात ठेवला, तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि थरथर थांबेपर्यंत तसाच ठेवला.

टेबलावरचा फोन वाजला. साहेब होते.

"शून्य आलं, ताई. उघडलं कुलूप."

"थांबा," ताई म्हणाली. "मी तिथे येऊन एकेकाचं तोंड बघेन, मग उडवा."

"अहो, मी बघितलंय."

"मला बघू द्या."

ती बाहेर पडली. भावजय बसूनच राहिली. आवार ओलांडून खाणीच्या तोंडाशी पाळीची सगळी माणसं उभी होती, काळी, घामेजलेली, घरी जायचं सोडून थांबलेली. ताई पहिल्यासमोर जाऊन उभी राहिली आणि त्याच्या तोंडाकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली. ती दुसऱ्याकडे गेली.